औजारांची पूजा आणि वजनाचा काटा

खंडेनवमीच्या सकाळी बेळगाव-निपाणी पट्ट्यातील कोणत्याही जुन्या मराठी घरी जावे. अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा केलेला असतो; त्याच्या बॉनेटवर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, पुढे फोडलेला नारळ. भिंतीशी नांगर, कुळव, कुरी, कोयते, कुऱ्हाडी यांची रांग लागलेली असते. प्रत्येकाला हळदकुंकू वाहिले जाते. देवघरातील वडिलोपार्जित तलवारही त्या दिवशी म्यानातून बाहेर येते. घरातील कर्ता पुरुष साऱ्यांपुढे हात जोडतो, तेव्हा दृश्य मोठे प्रसन्न दिसते. त्यानंतर तीन आठवड्यांनी दिवाळीची साफसफाई निघते. भंगारवाल्याचा टेंपो दारी येतो, आणि ज्यांच्या कपाळीचे कुंकू अजून पुरते पुसलेले नाही अशी निम्मी औजारे किलोच्या भावाने त्यात चढतात. तलवार मात्र पुन्हा देवघरात जाते.

आमचे भांडण याच विसंगतीशी आहे.

गेल्या काही वर्षांत जुन्या ट्रॅक्टरांच्या प्रेमाला आपल्या भागात भरती आली आहे. आजोबांच्या काळातला ट्रॅक्टर शोधून काढायचा, त्याला मूळचा तांबडा वा निळा रंग द्यायचा, नवे टायर घालायचे, आणि मिरवणुकीत पुढे ठेवायचा, अशी हौस तरुण मंडळींत वाढली आहे. कुणी नवरदेवाला त्यावर बसवून वरात काढतो, कुणी महामार्गावरील आपल्या हॉटेलच्या दारात तो शोभेला उभा करतो. जत्रांतून ट्रॉलीसह ट्रॅक्टर मागे चालविण्याच्या शर्यती लागतात आणि त्यांना गर्दीही लोटते. या हौसेचे आम्हांला वावडे नाही. जुन्या वस्तूवर कुणाचा जीव जडत असेल, तर त्याला नावे ठेवणारे आम्ही कोण? पण या हौशी मंडळींपैकी कुणाला विचारावे, की बाबा रे, या ट्रॅक्टरचा नांगर कोठे आहे? सरी पाडण्याचा रेजर? पट्ट्याची पुली? उत्तर बहुधा एकच येते: “ते काय, भंगारात दिलं.”

आमचे म्हणणे थोडक्यात असे. औजारांवाचून ट्रॅक्टर म्हणजे हात छाटलेला कारागीर. जो पोशाख घालून मिरवतो, पण काही करू शकत नाही, त्याची आपण जपणूक करीत आहोत; आणि ज्याने प्रत्यक्ष जमीन फोडली, सरी पाडली, धान्य पेरले, चिखलणी केली, त्याला आपण वजनकाट्यावर पाठवीत आहोत. जुन्या ट्रॅक्टरचे प्रेम खरे असेल, तर ते आधी त्याच्या औजारांवर असले पाहिजे. आणि हे प्रेम दुसऱ्या कोणत्या मुलखाने विसरले तर विसरो, बेळगावच्या मुलखाने विसरता कामा नये.

बेळगावच का, हे सांगितले पाहिजे. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने ज्या उद्योगाचा आरंभ झाला, त्या उद्योगाचे जनक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. १९०३ साली तो तयार झाला. तेव्हा शेतकऱ्याने त्याचे स्वागत केले नाही. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होईल, अशी समजूत रूढ होती. पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. पुढे जागेच्या अडचणीमुळे हा कारखाना बेळगावात राहिला नाही. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडलरोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावने आपला नांगर त्या वेळी एकदा गमावला. दुसऱ्यांदा तो आपण स्वतःच्या परसातून गमावीत आहोत.

साहित्यप्रेमी वाचकांना आणखी एका गोष्टीचे स्मरण करून द्यावेसे वाटते. त्याच नांगरांच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे जन्मली. मराठी मध्यमवर्गाला ज्या नियतकालिकांनी आधुनिक विचाराची सवय लावली, त्यांचे पालनपोषण नांगराच्या विक्रीवर झाले. आपल्यापैकी अनेक घरांच्या माळ्यावर ‘स्त्री’चे बांधीव अंक आजही जपलेले आढळतील. ते जपलेच पाहिजेत. पण त्यांच्या जन्माला कारण झालेला नांगर त्याच माळ्याखालच्या गोठ्यात गंजत पडलेला असतो, आणि तो विकताना घरात कुणाला क्षणभर थांबावेसेही वाटत नाही.

येथे प्रतिपक्षाचा पहिला मुद्दा येतो, आणि तो हलका नाही. लोखंड हे वितळण्यासाठीच असते, असे म्हणणारे म्हणतील. पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्च्या लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठी किर्लोस्करांना दिल्या, असे सांगतात. तोफांचे नांगर झाले, तर नांगरांचे आणखी काही होईल. त्यात रडण्यासारखे काय? आमचे उत्तर असे की, महाराजांच्या त्या निर्णयात एक विचार होता. जी वस्तू कामातून गेली होती, ती त्यांनी रयतेच्या कामी लावली. आपण करतो ते नेमके उलट आहे. आपण कामाची वस्तू मोडतो आणि बिनकामाची रंगवून ठेवतो. शाहू महाराजांचा न्याय लावायचाच, तर हॉटेलच्या दारातला रंगवलेला सांगाडा आधी भट्टीत जाईल आणि गोठ्यातला नांगर शेतात जाईल.

नांगर अजून कामाचा आहे काय, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर देण्यासाठी ट्रॅक्टरचा इतिहास थोडा पाहावा लागेल. १९५१ साली सबंध देशात साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते. स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, ती मुख्यतः मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करण्यासाठी. १९४९ साली जागतिक बँकेने एक कोटी डॉलरचे कर्ज याच कामाच्या यंत्रसामग्रीसाठी दिले. बँकेने भारताला दिलेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी ते एक. पण कांसाची मुळे ज्याने खोलवर उपटली तो ट्रॅक्टर नव्हे, त्याच्यामागचा अवजड नांगर होता. पुढे २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादला आयशरचा पहिला भारतीय ट्रॅक्टर बाहेर पडला. मग मद्रासला मॅसी फर्ग्युसन, १९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने महिंद्रांचा उद्योग आणि त्यांचा बी-२७५, १९७१ साली पिंजोरला एचएमटी-झेटर, १९७४ साली पंजाबात पूर्णपणे देशी बनावटीचा स्वराज, अशी मालिका लागली. आज हौशी मंडळी ज्यांच्यामागे धावतात ते हेच ट्रॅक्टर.

या साऱ्यांना जोडणारा एक धागा आहे, आणि तो बॉनेटखाली नसून चालकाच्या पाठीमागे आहे. पूर्वी नांगर साखळीने वा हुकाने ओढला जाई. फाळ खडकात अडकला, की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकावर उलटण्याचे भय असे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने यावर तीन बिंदूंची जोडणी शोधून काढली: खाली दोन बाहू, वर एक दांडा. तो वरचा दांडा म्हणजेच आपल्या चालकांचा ‘टापलिंग’. तेलाच्या दाबाने औजार वर उचलता येऊ लागले, आणि नांगरावरचा ताण ट्रॅक्टरला उलटविण्याऐवजी मागची चाके जमिनीत रोवू लागला. १९३९ साली हेन्री फोर्डच्या कारखान्यातून ही जोडणी असलेला ट्रॅक्टर निघाला, आणि पुढे जगभरच्या उत्पादकांनी तिची मापे प्रमाण मानली. याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. साठ वर्षांपूर्वीचा पलटी नांगर वा नऊ फणांचा कुळव आजच्या नव्या ट्रॅक्टरलाही जोडता येतो. फार तर पिनेवर एखादे बुश चढवावे लागते. ट्रॅक्टर बदलतात, कंपन्या बुडतात, रंग जातात; जोडणीची भाषा तीच राहते. मग औजार ‘जुने’ झाले म्हणजे नेमके काय झाले?

हा प्रश्न आम्हांला एका ट्रॅक्टरचालकाने फार पूर्वी विचारला होता, आणि त्या वेळी आम्ही त्याचे उत्तर सहीने दिले. तो प्रसंग येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे. कारण दुसऱ्यांना दोष देणाऱ्याने आपला हात आधी दाखवावा. सरकारी सेवेत असताना निर्लेखन समितीचे सदस्य म्हणून आम्ही एका गोदामात गेलो होतो. यादीत एक बंद पडलेला ट्रॅक्टर होता, आणि त्याच्याच ओळीखाली तव्यांचा नांगर, रेजर, पेरणीयंत्र, पट्ट्याची पुली, लोखंडी केजव्हीलची जोडी. ट्रॅक्टर निकामी, म्हणून त्याची औजारेही निकामी, असा कारकुनी न्याय त्यात होता. गोदामाच्या दाराशी उभा असलेला वयस्क चालक अदबीने पुढे आला आणि म्हणाला, “साहेब, ट्रॅक्टर मोडीत काढा, त्याचं इंजिन गेलंय. पण नांगराला कसलं आलंय म्हातारपण? फाळ बदलला की झाला.” आम्ही त्याला नियम समजावून सांगितला. मग यादीच्या तळाशी सही केली. चार दिवसांनी गॅसकटर आला. दोन-तीन वर्षांनी त्याच कार्यालयाने नव्या रेजरचे आणि नव्या नांगराचे मागणीपत्र तयार केले. त्या कागदावरही आमचीच सही आहे.

त्या चालकाचे वाक्य आम्हांला आज शेतीशास्त्राच्या पुस्तकाइतके मोलाचे वाटते. नांगराची रचनाच अशी असते, की झिजायचे ते झिजावे आणि टिकायचे ते टिकावे. फाळ झिजतो, तो बोल्ट काढून बदलावा. कुळवाचा फण बोथट होतो, तो उलटा लावावा वा नवा घालावा. तवा पातळ होतो, तो नवा मिळतो. मूळ सांगाडा ज्या जाड लोखंडाचा ओतला वा घडवला जाई, त्याला गंज चढतो तो वरवरचा. इंजिनाला आयुष्य असते. सांगाड्याचे आयुष्य मालकाच्या आळसावर अवलंबून असते.

आणि गरज? ती तर आज अधिक आहे. आपल्याकडे रोटाव्हेटरचे राज्य आले आहे. एका फेरीत रान भुसभुशीत दिसते, म्हणून शेतकरी त्यावर खूश असतो. पण रोटाव्हेटर वरची चार-सहा इंच माती दळतो. वर्षानुवर्षे एकच औजार एकाच खोलीवर फिरत राहिले, की खालचा थर घट्ट होतो, पाणी मुरत नाही, मुळे आडवी वाढतात. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या उसाच्या रानात हरळी आणि लव्हाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना उन्हाळी खोल नांगरटीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. त्या नांगरटीसाठी पलटी नांगर लागतो, आणि तो आपल्याच घरात होता. खानापूर-बेळगावच्या भातखाचरांत चिखलणीला केजव्हील लागतात. ती आपल्याच घरात होती. दोन-तीन एकरांच्या मालकाने नवी औजारे कर्जाने घ्यावीत आणि शेजारच्या वाड्यातील जुनी औजारे त्याच आठवड्यात भंगारात जावीत, याला काय म्हणावे? कर्नाटक सरकारने २०१४ पासून ‘कृषी यंत्रधारे’ योजनेतून भाड्याने औजारे देणारी केंद्रे उघडली. कल्पना चांगली आहे. पण आपल्या वाडवडिलांच्या काळी प्रत्येक मोठे घर हे असे केंद्रच होते. बी-२७५ ज्या घरी आला, त्या घराचा नांगर साऱ्या गल्लीचा असे.

जुन्या ट्रॅक्टरांची बाजू मांडताना त्यांचे दोष झाकणे आम्हांला मान्य नाही. ते डिझेल अधिक पितात, धूर ओकतात, चालकाच्या डोक्यावर संरक्षक चौकट नसते. पट्ट्याच्या पुलीवर मळणीयंत्र चाले, उसाचा चरक चाले, विहिरीवरचा पंप चाले, हे खरे. पण उघड्या पट्ट्यात आणि फिरत्या दांड्यात धोतराचा सोगा अडकून माणसे जायबंदी झाली, हेही तितकेच खरे. म्हणून जुने यंत्र चालवायचे, तर फिरत्या भागांवर आच्छादन घालूनच चालवावे. जुने ते सोने म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. जे उपयोगी पडते ते सोने, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता कायद्याचा बागुलबुवा पाहू. २०२१ साली केंद्राचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण आले, आणि गावोगावी आवई उठली, की दहा वर्षांवरील ट्रॅक्टर सरकार जमा करणार. कित्येकांनी त्या धास्तीने मिळेल त्या भावात ट्रॅक्टर फुंकले, आणि सोबत औजारेही. वस्तुतः मार्च २०२३ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने स्पष्ट खुलासा केला: शेतीचा ट्रॅक्टर हे वाहतुकेतर वाहन आहे, त्याची नोंदणी आरंभी पंधरा वर्षांची असते, आणि पुढे एका वेळी पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. पंधरा वर्षांची सक्तीची मर्यादा, काही अपवाद वगळता, सरकारच्या स्वतःच्या वाहनांना १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तुमच्या-आमच्या अंगणातील ट्रॅक्टरला नव्हे. आणि नांगर, कुळव, रेजर यांची तर नोंदणीच नसते. त्यांना मोडायला लावणारा कोणताही कायदा नाही. त्यांना मोडणारे आपण आहोत.

सुट्या भागांची अडचण मात्र खरी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा देशभरातील त्या ट्रॅक्टरांच्या मालकांना पोरके झाल्यासारखे वाटले असेल. आयशरचे ट्रॅक्टर २००५ साली दुसऱ्या कंपनीकडे गेले, स्वराज २००७ साली महिंद्रांकडे गेला. अशा वेळी जुने यंत्र जगते ते दोन गोष्टींवर: दुसऱ्या जुन्या यंत्राच्या भागांवर आणि जवळच्या ओतशाळेवर. या बाबतीत आपल्याइतका भाग्यवान मुलूख विरळा. बेळगावची उद्यमबाग, कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर आणि शिरोली येथे ओतकामाची परंपरा आहे. नमुना हाती असेल, तर त्यावरून साचा करून भाग ओतून देणारे कारागीर आपल्या दाराशी आहेत. पण नमुना हाती असेल तर! मूळ भागच भंगारात गेला, की कारागीर कशावरून साचा करणार? प्रत्येक मोडलेल्या औजाराबरोबर एक नमुना कायमचा नाहीसा होतो.

आणि त्याबरोबर शब्दही. एका वाङ्मयीन मंडळाच्या पत्रिकेत आम्ही लोखंडाची चर्चा का मांडली, याचे उत्तर येथे आहे. लाकडी नांगराबरोबर इसाड, रुमणे, जू, शिवळा हे शब्द गेले. आपल्या नातवंडांना त्यांपैकी एकही ठाऊक नाही. आता ट्रॅक्टरच्या पहिल्या पिढीचे शब्दही चालले आहेत. ‘टापलिंग’सारखे, चालकांनी इंग्रजीतून उचलून आपल्या जिभेला बसवलेले, कोणत्याही कोशात नसलेले हे मराठी शब्द आहेत, आणि ते वस्तूला धरून जगतात. वस्तू गेली, की शब्द चार वर्षांत मरतो. आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. आपली पेरणीची ‘कुरी’ आणि कन्नड शेतकऱ्याची ‘कूरिगे’ या सख्ख्या बहिणी आहेत. १९५६ च्या नोव्हेंबरापासून ज्या सीमेने आपल्या पिढ्यांना अस्वस्थ ठेवले, ती सीमा कुरीला कधी कळली नाही. बेळगावात घडलेला लोखंडी नांगर मराठी आणि कन्नड दोन्ही शेतांत चालला. आपल्या हक्काची बाजू मांडताना हे सांगण्यात कमीपणा नाही.

या सीमेसाठी आपण किती कागद जपले! जुने दस्त, शाळांचे दाखले, जनगणनेचे तक्ते, सनदा. महाजन आयोगाच्या वेळी जपले, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला तेव्हा पुन्हा धुंडाळले. या मातीत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, हे सिद्ध करण्यासाठी आपण कपाटे भरली. मग ज्या लोखंडाने ही माती प्रत्यक्ष कसली, तो पुरावा आपण किलोच्या भावाने का विकतो? तलवारीने मुलूख मिळाला असेल. तो राखला नांगराने. आपल्या बहुतेक घराण्यांत तलवार उपसल्याला दोनशे वर्षे होऊन गेली. नांगर मात्र आजोबांच्या हयातीपर्यंत रोज चालत होता. देवघरात कोणाला जागा द्यायची, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

परदेशांत जुन्या यंत्रांची हौस कशी करतात, हे पाहण्यासारखे आहे. आयर्लंडात १९३१ पासून राष्ट्रीय नांगरट स्पर्धा भरते. १९५३ साली कॅनडात जागतिक स्पर्धेला आरंभ झाला. तिकडच्या स्पर्धांत जुन्या ट्रॅक्टरांचे स्वतंत्र गट असतात: ओढीच्या नांगरांचा निराळा, उचलत्या नांगरांचा निराळा. परीक्षक रंगाकडे पाहत नाही. तास सरळ आहे काय, खोली सारखी आहे काय, गवत पूर्ण गाडले गेले काय, आरंभ आणि शेवट नीट आहे काय, एवढेच तो पाहतो. म्हणजे त्यांच्या हौसेचे मोजमाप जमिनीवर होते. आपल्याकडे ते ट्रॉली किती लवकर मागे नेली आणि ध्वनिक्षेपक किती मोठा लावला, यावर होते. चालकाच्या कौशल्याला आम्ही कमी लेखीत नाही. भरलेली ट्रॉली अरुंद गल्लीतून मागे नेणे ही सोपी विद्या नव्हे. पण ज्या यंत्राचा जन्म नांगरण्यासाठी झाला, त्याची परीक्षा मागे चालण्यात घ्यावी, यात काळाची थट्टा आहे.

नुसती टीका करून थांबणे आम्हांला रुचत नाही. म्हणून काही मागण्या मांडतो. पहिली मागणी घरांकडे. ट्रॅक्टर जपत असाल तर त्याची औजारे त्याच्यापासून तोडू नका. विकायची वेळ आलीच, तर वजनाने विकू नका. ज्याला ती वापरायची आहे अशा शेतकऱ्याला द्या, अगदी भंगाराच्या भावाने द्या. खरेदीची पावती, माहितीपुस्तिका, नोंदणीपत्र आणि औजारावरचा छाप यांची एका वहीत नोंद करा. कोणत्या रानात ते चालले, कोणी चालवले, हेही लिहा. दुसरी मागणी जत्रा कमिट्यांकडे. शर्यतीच्या जोडीला एक नांगरटीची स्पर्धा घ्या. एक पडीक तुकडा, जुने ट्रॅक्टर, जुने नांगर आणि परीक्षक म्हणून गावातील दोन म्हातारे शेतकरी. याहून अधिक खर्च नाही. तिसरी मागणी आपल्या मंडळाकडे. जुने चालक, मिस्त्री, लोहार, ओतारी अजून हयात आहेत. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा, त्यांच्या शब्दांचा कोश करा. कवितासंमेलने होतच राहतील. हे लोक थांबणार नाहीत. चौथी मागणी शासनाच्या कार्यालयांकडे, आणि ती करताना आम्ही आमच्या सहीची लाज बाळगूनच करतो. निर्लेखनाच्या यादीत औजारांचा विचार ट्रॅक्टरपासून वेगळा करा. मोडण्यापूर्वी ती एखाद्या शेतकरी गटाला वा शेतकी शाळेला देऊ करा. आणि अखेरची मागणी बेळगाव शहराकडे. जेथे लोखंडी नांगर घडला, तेथे त्याचे एक चालते दालन असावे. काचेआड ठेवलेले नको. वर्षातून एकदा प्रत्येक औजार तेथून निघून शेतात जाईल आणि मातीने माखून परत येईल, असे असावे.

बैल गेला नि झोपा केला, अशी आपल्याकडे म्हण आहे. बैल तर आपल्या डोळ्यांदेखत गेले. त्यांच्यासाठी कोणी झोपाही केला नाही. आता ट्रॅक्टरची पहिली पिढी चालली आहे, आणि आपण तिचा मुखवटा तेवढा रंगवून ठेवीत आहोत.

येत्या खंडेनवमीला वाचकांनी एक करावे. पूजेसाठी औजारांची रांग मांडताना ती मोजावी आणि संख्या वहीत लिहून ठेवावी. पुढच्या नवमीला पुन्हा मोजावी. संख्या तीच राहिली आणि त्यांपैकी निदान एका नांगराचा फाळ मातीत घासून चकचकीत झालेला दिसला, तर त्या घरात पूजा झाली असे आम्ही समजू.